प्रमाणपत्र येण्यापूर्वीची वही : प्राथमिक वर्गात विशेष गरजा असलेल्या मुलांना सोबत घेऊन शिकवताना

जूनच्या मध्यावर शाळा सुरू होते, पहिला आठवडा रडण्या-समजावण्यात जातो, आणि जुलै उजाडेपर्यंत वर्गशिक्षिकेच्या लक्षात येऊ लागते की चाळीस मुलांपैकी दोघे-तिघे इतरांबरोबर पुढे सरकत नाहीत. एक मूल फळ्यावरचे उतरवून घेत नाही, एकाला चार वेळा हाक मारावी लागते, एक परिपाठाच्या वेळी कानांवर हात ठेवून भिंतीकडे तोंड करून उभे राहते. ठाणे आणि नवी मुंबईतील मराठी शाळांत शिकवताना मी हे दर वर्षी पाहिले आहे, आणि त्यानंतर बहुतेक वेळा काय घडते तेही पाहिले आहे. शिक्षिका पालकांना ‘डॉक्टरांना दाखवा’ असे सांगते, पालक घाबरतात किंवा रागावतात, तपासणीची तारीख लांबत जाते, आणि ‘रिपोर्ट आला की बघू’ या एका वाक्यात मुलाचे अख्खे वर्ष निघून जाते. हा लेख त्या वर्षासाठी आहे. निदान करणे डॉक्टरांचे काम आहे आणि प्रमाणपत्र देणे शासनाचे. वर्गातील मदत मात्र शिक्षकाची असून ती अडचण दिसली त्याच दिवशी, कोणाच्याही परवानगीची वाट न पाहता सुरू करता येते.

कायदाही याच बाजूचा आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशाच्या वेळी मुलाची चाचणी घेण्यास आणि शाळेत शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देण्यास मनाई केली आहे. १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आलेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश असून अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातील अडचण), स्वमग्नता (ऑटिझम), आणि थॅलेसेमिया व सिकलसेल हे रक्ताचे आजारही त्यांत येतात. या अधिनियमानुसार ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण घेण्याचा हक्क आहे. निवड मुलाची आणि पालकांची आहे, शाळेची नाही. म्हणून ‘हे मूल आमच्याकडे बसणार नाही, स्पेशल स्कूलमध्ये घाला’ असे कोणत्याही मुख्याध्यापकांनी पालकांना सांगणे योग्य नाही, आणि पालकांनीही ते मुकाट्याने ऐकून घेऊ नये.

नोंदींची वही

दोनशे पानी एक साधी वही घ्यावी आणि ज्या मुलाबद्दल मनात शंका आहे त्याच्यासाठी तिची काही पाने राखावीत. दोन ते तीन आठवडे दररोज दोन-तीन ओळी लिहाव्यात, पण त्या ओळींत विशेषणे येऊ देऊ नयेत. ‘लक्ष देत नाही’, ‘आळशी आहे’, ‘हट्टी आहे’ या शब्दांतून मुलाबद्दल काहीच कळत नाही. कळतो तो आपला थकवा. त्याऐवजी जे डोळ्यांना दिसले तेवढेच लिहावे: ‘मंगळवार, दुसरा तास. फळ्यावरच्या पाच ओळींपैकी दीड ओळ उतरवली. त्याच पाच ओळी पुस्तकातून उतरवायला दिल्यावर चार पूर्ण केल्या.’ या एका नोंदीमुळे शोधाची दिशा बदलते. मुलाला लिहिता येते, पण दूरचे पाहून लिहिता येत नाही, म्हणजे आधी डोळे तपासायला हवेत. अडचण कोणत्या तासाला आली, तिच्या आधी काय घडले होते, शेजारी कोण बसले होते आणि काय केल्यावर मूल सावरले, या चार गोष्टी नोंदीत असाव्यात. त्यांपैकी शेवटची सर्वांत मोलाची आहे, कारण पुढचा सगळा आराखडा तिच्यावरच उभा राहतो.

नोंदी हाताशी आल्या की मोठ्या शब्दांकडे जाण्यापूर्वी साध्या गोष्टी पडताळाव्यात. मूल पुस्तक नाकाशी धरते का, डोळे बारीक करते का, पहिल्या बाकावर बसवल्यावर फरक पडतो का? पाठीमागून, ओठ दिसणार नाहीत अशा रीतीने, नेहमीच्या आवाजात हाक मारली तर ते वळते का? कान वाहत असणाऱ्या मुलाला काही आठवडे ऐकू येते आणि काही आठवडे येत नाही, त्यामुळे ते कधी उत्तर देते आणि कधी देत नाही, आणि आपण त्याला मनमानी समजतो. एका मुलीला मी जवळजवळ एक सत्रभर याच कारणासाठी रागावत राहिले. तिचा कान वाहतो हे तिच्या आजीने मला सहज बोलता बोलता सांगितले, आणि तोवर दिवाळी आली होती. ती चूक आजही मला बोचते, आणि म्हणूनच ऐकण्याची पडताळणी मी कधीही पुढे ढकलत नाही.

त्यानंतर भाषा पाहावी, आणि आपल्या भागात हे फार जपून पाहावे लागते. घणसोली-कोपरखैरण्याच्या गावठाणातील मूल घरी आगरी बोलते, येऊरच्या पाड्यावरचे मूल वारली बोलते, तुर्भे आणि दिघ्याच्या वस्त्यांतील कितीतरी घरांत हिंदी, कन्नड किंवा तेलुगू बोलली जाते. पुस्तकातील प्रमाण मराठी या मुलांसाठी नवी भाषा असते. अशा मुलाला प्रश्न कळला नाही तर ती अक्षमता नव्हे. त्याची भाषा जाणणाऱ्या वर्गमित्राला किंवा पालकाला सोबत घेऊन, मूल आपल्या घरच्या भाषेत एखादी गोष्ट क्रमाने सांगू शकते का, तीन सूचना लक्षात ठेवून पाळू शकते का, हे पाहावे. घरच्या भाषेतही तीच अडचण दिसली, तर मात्र तज्ज्ञांकडे जाण्यात उशीर करू नये.

एनसीईआरटी या राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन संस्थेने शिक्षकांसाठी ‘प्रशस्त’ नावाची पडताळणी सूची तयार केली असून ती मोबाईल ॲपवरही वापरता येते. तिचा पहिला भाग वर्गशिक्षकाने आणि दुसरा विशेष शिक्षकाने भरायचा असतो. आपली वही समोर असेल तर हा पहिला भाग अंदाजाने भरावा लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक शाळेत तपासणीसाठी येते त्या दिवशीही हीच वही उघडून त्यांच्यासमोर ठेवावी. एरवी रांगेत उभ्या असलेल्या शेकडो मुलांमध्ये आपले मूल अर्ध्या मिनिटात पुढे सरकते.

जागा, आवाज आणि प्रकाश

वर्गातील पहिला बदल बसण्याच्या जागेचा करावा. ‘पुढच्या बाकावर बसवले’ एवढ्याने काम होत नाही, कारण पुढची जागा प्रत्येकाला सोयीची नसते. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला शिक्षिकेचा चेहरा दिसणे आवश्यक असते. शिक्षिका खिडकीला पाठ करून उभी राहिली तर चेहरा काळोखा दिसतो, आणि फळ्याकडे तोंड करून बोलली तर ओठही दिसत नाहीत. त्यामुळे लिहिताना थांबावे, वळावे आणि मग बोलावे. सतत हालचाल करणाऱ्या मुलाला दाराजवळ बसवू नये, पण त्याला उठण्याचे हक्काचे निमित्त द्यावे: वह्या वाटणे, फळा पुसणे, पाण्याची बाटली भरून आणणे. आवाजाने कासावीस होणाऱ्या मुलाला भिंतीकडच्या, रहदारीपासून दूरच्या बाजूला बसवावे. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या किंवा रेल्वेमार्गाजवळच्या शाळेत ही बाजू कोणती, हे शिक्षिकेने स्वतः त्या बाकावर पाच मिनिटे बसून ठरवावे.

पावसाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. पत्र्याच्या छपराखाली भरणाऱ्या वर्गात जुलैचा पाऊस सुरू झाला की श्रवणयंत्र लावलेल्या मुलाला शिक्षिकेचा आवाज आणि पत्र्यावरचा आवाज सारख्याच जोराने ऐकू येतात. अशा वेळी पाठ तोंडी रेटण्यापेक्षा लिहिण्याचे किंवा चित्राचे काम द्यावे. श्रवणयंत्राला दमट हवा बाधते, म्हणून रात्री ते सिलिका जेलच्या पुड्या ठेवलेल्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवण्यास पालकांना सांगावे आणि जादा बॅटरी शिक्षिकेच्या कपाटात असू द्यावी. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असणे) असलेल्या मुलाचे पाय जमिनीला टेकत नसतील तर त्याची सगळी शक्ती तोल सांभाळण्यात जाते आणि अक्षर वेडेवाकडे येते. पायांखाली लाकडी पाट आणि वहीखाली उतार देणारी जाड बॉक्सफाईल ठेवली तरी लिखाणात फरक दिसतो.

वाचन-लेखनाची अडचण : देवनागरीचे आपले प्रश्न

अध्ययन अक्षमतेवरचे बरेचसे साहित्य इंग्रजी अक्षरे समोर ठेवून लिहिलेले असते. मराठी शाळेतील शिक्षिकेला त्याचा उपयोग अर्धाच होतो, कारण देवनागरीत मुले वेगळ्या ठिकाणी अडखळतात. घ आणि ध, भ आणि म, प आणि ष, थ आणि य या जोड्यांत फरक फक्त एखाद्या गाठीचा किंवा रेघेचा असतो. ‘ख’ हे अक्षर काही मुलांना ‘रव’ असे सुटे दिसते. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची आणि उच्चारायची मात्र नंतर, ‘सूर्य’मधला र उच्चारात य च्या आधी आणि लिहिताना त्याच्या डोक्यावर, डोळ्यांचा आणि कानांचा क्रम असा उलटसुलट होतो तिथे वाचनाची अडचण असलेले मूल अडकते. हे ठाऊक असले की चुकांकडे पाहण्याची नजर बदलते. वहीतील चुका मोजण्याऐवजी त्यांचे गट करावेत: आकारसाम्याच्या किती, वेलांटी-उकाराच्या किती, जोडाक्षराच्या किती. बहुतेक वेळा साठ-सत्तर चुकांमागे दोन-तीनच कारणे निघतात.

शिकवताना एका वेळी सारख्या दिसणाऱ्या जोडीतील एकच अक्षर घ्यावे. भ पक्के होण्यापूर्वी म आणू नये, मग पुस्तकातील क्रम काहीही असो. अक्षर तोंडाने म्हणत, हाताने गिरवत आणि डोळ्यांनी पाहत एकाच वेळी शिकवावे. त्यासाठी ताटलीत पसरलेला रवा, सँडपेपर कापून पुठ्ठ्यावर चिकटवलेली अक्षरे किंवा ओल्या बोटाने पाटीवर काढलेली अक्षरे पुरेशी आहेत. मात्रा आणि वेलांट्या वेगळ्या रंगाच्या खडूने लिहाव्यात. जोडाक्षर आधी फोडून दाखवावे, मग जोडावे. वाचताना ओळ सुटणाऱ्या मुलाला पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यात एका ओळीची खिडकी कापून द्यावी. मुलाला वर्गासमोर उभे करून अचानक प्रकट वाचन करायला लावणे मात्र पूर्णपणे बंद करावे. त्या दोन मिनिटांच्या भीतीपोटी मूल पुढचे वर्षभर पुस्तकाला हात लावत नाही. वाचायला लावायचेच असेल तर कोणता परिच्छेद वाचायचा ते आदल्या दिवशी सांगून घरी सराव करू द्यावा.

फळ्यावरून उतरवून घेणे हे अनेक मुलांसाठी शिकणे नसून निव्वळ कष्ट असतात. त्यांच्या बाकावर तोच मजकूर मोठ्या अक्षरांत लिहिलेली पट्टी ठेवावी, दहा प्रश्नांऐवजी चार प्रश्न लिहायला द्यावेत आणि उरलेली उत्तरे तोंडी घ्यावीत. काही सहकारी विचारतात की हा इतरांवर अन्याय नाही का? माझे उत्तर ठाम आहे: चष्मा लावणाऱ्या मुलाचा चष्मा आपण न्यायासाठी काढून घेत नाही. आकारिक, म्हणजे शिकवता शिकवता वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनात निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम आणि प्रकल्प ही साधने अधिकृतपणे दिलेली आहेत; ती सगळी बाजूला ठेवून केवळ लेखी चाचणीवर श्रेणी देण्याची सवय आपली आहे, नियमाची नाही.

गणितातील एका गोष्टीकडे मराठी शिक्षकांचे विशेष लक्ष हवे. मराठीत ‘सदतीस’ म्हणताना सात आधी उच्चारला जातो आणि लिहिताना तीन आधी येतो. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास या शब्दांत तर पुढच्या दशकाचे नाव असते. संख्याज्ञानात अडचण असलेले मूल सदतीस ऐकून ७३ लिहिते, तेव्हा ते कानाला जे आले त्याच क्रमाने लिहीत असते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असे वाचन दिले गेले तेव्हा राज्यभर वाद झाला. भाषेच्या सौंदर्याबद्दलचे त्या वादातील मुद्दे मला समजतात, परंतु वर्गात अडखळणाऱ्या मुलासाठी ‘तीस आणि सात’ ही पायरी मी नेहमीच वापरत आले आहे आणि ती उपयोगी पडते. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि सुट्ट्या काड्या मुलाच्या हातात द्याव्यात, तीन गठ्ठे आणि सात काड्या मांडल्यावर आधी ‘तीस आणि सात’ म्हणून घ्यावे, आकडा लिहून घ्यावा आणि शेवटी ‘यालाच सदतीस म्हणतात’ असे सांगावे. पाढे पाठ न होणाऱ्या मुलाला पाढ्यांचा तक्ता समोर ठेवून उदाहरणे सोडवू द्यावीत. तो तक्ता पाहत असताना त्याची गणिती समज थांबत नाही.

दिवसाचा क्रम आणि अनपेक्षित बदल

स्वमग्न मुलासाठी शाळेतील सर्वांत अवघड भाग म्हणजे पाठ नव्हे. दोन गोष्टींमधला बदल त्याला अधिक अवघड जातो. परिपाठ संपून वर्गात जाणे, तास बदलणे, पोषण आहाराची रांग, शाळा सुटतानाची फाटकावरची गर्दी, आणि दोन सत्रांत भरणाऱ्या शाळेत एकाच वेळी आत येणारी व बाहेर जाणारी मुले. पुठ्ठ्याच्या एका लांब पट्टीवर दिवसाची सहा-सात चित्रे कपड्यांच्या चिमट्यांनी लावावीत: प्रार्थना, भाषा, खिचडी, गणित, खेळ, घर. एक गोष्ट संपली की मुलाने स्वतः ते चित्र काढून डबीत टाकावे. पुढे काय येणार हे डोळ्यांना दिसत असले की मन बरेच शांत राहते. बदल होणार असेल, उदाहरणार्थ मैदानात पाणी साचल्याने खेळाचा तास रद्द होणार असेल, तर तो चित्र बदलून आधीच दाखवावा. ही पट्टी संपूर्ण वर्गासाठी भिंतीवर लावली तर एका मुलावर शिक्का बसत नाही आणि तिचा लाभ इतरांनाही होतो.

परिपाठाला ध्वनिवर्धकाजवळ उभे राहणे असह्य होत असेल तर मुलाला रांगेच्या शेवटी, विश्वासू मित्राशेजारी उभे करावे, आणि सुरुवातीचे काही दिवस वर्गाच्या दारातून सहभागी होऊ द्यावे. खिचडीचा वास किंवा मऊपणा सहन न होणाऱ्या मुलाला जबरदस्तीने भरवू नये. घरून डबा आणण्याची मुभा द्यावी, पण जेवायला सगळ्यांबरोबरच बसवावे. मुलाचा उद्रेक झाला तर त्या क्षणी समजावणे, प्रश्न विचारणे आणि हात धरून ओढणे या तिन्ही गोष्टी टाळाव्यात. आवाज कमी करावा, आजूबाजूची मुले हलवावीत, थांबावे आणि नंतर वहीत लिहावे की आधीच्या दहा मिनिटांत काय झाले होते.

आरोग्याच्या काही नोंदी प्रत्येक शिक्षकाला पाठ असाव्यात. अपस्माराचा झटका आल्यास मुलाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली दप्तर किंवा रुमालाची घडी ठेवावी, घड्याळ पाहावे. तोंडात चमचा घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, हातपाय दाबून धरू नयेत. झटका पाच मिनिटांहून अधिक चालला किंवा लागोपाठ दुसरा आला तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांपैकी काहींच्या मानेचे सांधे सैल असतात, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना कोलांटउडी मारायला लावू नये. सिकलसेल असलेल्या मुलाला वारंवार पाणी पिण्याची आणि स्वच्छतागृहात जाण्याची मोकळीक असावी, आणि पावसात भिजल्यावर कोरडे कपडे मिळावेत.

पालकांशी बोलताना

या सगळ्या कामात मला पालकांशी होणारे पहिले बोलणे सर्वांत कठीण वाटत आले आहे. ते फाटकाजवळ, इतर पालकांसमोर आणि शाळा सुटतानाच्या घाईत कधीही करू नये. वागळे इस्टेट, रबाळे किंवा महापे येथील कारखान्यांत पाळीने काम करणाऱ्या वडिलांना आणि चार घरची कामे करणाऱ्या आईला कोणती वेळ जमते ते विचारून बोलवावे; एका दिवसाचा रोजगार बुडवून आलेला पालक आधीच ताणलेला असतो. बसायला खुर्ची द्यावी, पाणी द्यावे, आणि मुलाला येणाऱ्या गोष्टींनी सुरुवात करावी. त्या खऱ्या असाव्यात, म्हणजे वहीतून वाचून दाखवलेल्या असाव्यात. त्यानंतर अडचण सांगतानाही नोंदच सांगावी, रोगाचे नाव घेऊ नये. ‘तुमचा मुलगा स्वमग्न वाटतो’ असे म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही. ‘परिपाठाच्या वेळी तो कान झाकतो, घरी कुकरच्या शिट्टीलाही असेच करतो का?’ असे विचारण्याचा आहे. या प्रश्नावर कित्येक आया थांबून म्हणतात, ‘हो बाई, लहानपणापासून.’ तिथून पुढे दोघे एकाच बाजूला बसून बोलू लागतात.

घरी आजी-आजोबा असतील तर त्यांनाही बोलवावे, कारण ‘याचा बाप पण उशिराच बोलायला लागला’ हे वाक्य तपासणी थांबवते आणि ते म्हणणाऱ्या व्यक्तीशी आदराने बोलल्याशिवाय मार्ग निघत नाही. उशीर होण्यातील धोका त्यांना समजेल अशा शब्दांत सांगावा. वस्तीतील एखादे जुने, दुखावणारे विशेषण पालकांच्या तोंडून स्वतःच्याच मुलाबद्दल आले तर आपण त्याऐवजी मुलाचे नाव घेऊन वाक्य पूर्ण करावे.

तपासणी, कागदपत्रे आणि विशेष शिक्षक

ठाणे-नवी मुंबईत या कामासाठी फार दूर जावे लागत नाही. नवी मुंबई महानगरपालिकेचे दिव्यांगांसाठीचे ईटीसी (शिक्षण, प्रशिक्षण व सेवा) केंद्र वाशी येथे आहे, आणि बौद्धिक दिव्यांगत्वासाठीच्या राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र खारघरला आहे. वाचा आणि श्रवण यांच्या तपासणीसाठी वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, आणि अध्ययन अक्षमतेच्या तपासणीसाठी ठाण्यातील अनेक पालक शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात जातात. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी) यांसाठी शासनाच्या स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करून नेमलेल्या शासकीय रुग्णालयात तपासणीला जावे लागते. अर्जातील नाव आणि जन्मतारीख आधार कार्डाशी जुळते का, हे शाळेने आधी पाहून दिले तर पालकांची एक फेरी वाचते. अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र साधारणपणे वयाच्या ८ व्या वर्षानंतरच मिळते. म्हणजे ज्या पहिली-दुसरीत वाचनाचा पाया घातला जातो त्या वर्षांत हा कागद येणेच शक्य नसते, आणि कागदाची वाट पाहणाऱ्या शाळेत मुलाची तीच दोन वर्षे जातात.

प्रमाणपत्र मिळाल्यावर यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीच्या शासकीय ऑनलाइन प्रणालीत मुलाच्या दिव्यांगत्वाचा प्रकार अचूक नोंदवावा. समग्र शिक्षा या शासकीय योजनेअंतर्गत मिळणारे साहित्य, मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता यांची मागणी या नोंदीवर अवलंबून असते, आणि ती राहून गेली तर मूल त्या वर्षी शासनाच्या हिशेबात नसतेच.

विशेष शिक्षक पुरेसे नाहीत, हे प्रत्येक शाळा जाणते. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी प्राथमिक स्तरावर दर १० विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांमागे १ विशेष शिक्षक हे प्रमाण सांगितले. शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांपैकी तीन चतुर्थांश पालक असतात. या प्रमाणाची मागणी त्यांनी ठराव करून लेखी पाठवावी, ती एकट्या शिक्षिकेवर सोडू नये. दरम्यान, साधन केंद्रातून (परिसरातील शाळांना शैक्षणिक मदत पुरवणाऱ्या शासकीय केंद्रातून) येणाऱ्या विशेष शिक्षिकेचा प्रत्येक तास नीट वापरावा. तिच्यासाठी तीन नेमके प्रश्न वहीत लिहून ठेवावेत. तिने मुलाला दर वेळी वेगळ्या खोलीत नेण्यापेक्षा काही वेळ वर्गातच शेजारी बसावे, म्हणजे ती काय करते ते वर्गशिक्षिकेला पाहून शिकता येते. दोघींनी मिळून मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा एका पानात लिहावा आणि त्यात ‘दिवाळीच्या सुट्टीपर्यंत स्वतःच्या नावासह ओळखीचे १० शब्द वाचणे’ अशी मोजता येणारी दोनच उद्दिष्टे ठेवावीत. सोळा उद्दिष्टांचे छापील आराखडे मी फायलीत पाहिले आहेत. ते तपासणी अधिकाऱ्यांसाठी असतात, मुलासाठी नसतात.

वर्गातील इतर मुले

मुले शिक्षिकेच्या आवाजावरून वागायला शिकतात. एखाद्या मुलाला मदत हवी असते हे त्यांना सांगावे, निदान सांगू नये. सोबती नेमताना तोच एक समंजस मुलगा वर्षभर बांधून ठेवू नये. दर आठवड्याला जोडी बदलावी, आणि ज्याला मदत मिळते त्यालाही कोणाला तरी मदत करण्याची पाळी द्यावी. ज्या मुलाला वाचता येत नाही पण चित्र उत्तम काढता येते, त्याच्याकडे गटकार्यात तक्त्याचे काम सोपवावे. चिडवणे घडले तर त्याच दिवशी, त्याच वर्गात, नाव न घेता पण स्पष्टपणे थांबवावे. मुलाला ने-आण करणाऱ्या रिक्षाकाकांनाही, पालकांच्या संमतीने, एवढे सांगावे की याला मागच्या गर्दीत कोंबू नका आणि मोठा हॉर्न वाजवण्यापूर्वी याच्याकडे पाहा.

एप्रिलमध्ये

वर्ष संपताना वहीतील सारांश एका पानावर उतरवावा. निदान आणि कागदपत्रे फायलीत असतातच. या पानावर फक्त काय केल्याने मूल सावरते, काय केल्याने बिघडते, कोणती अक्षरे पक्की झाली, कोणती राहिली, कोणाशेजारी ते शांत बसते आणि घरी कोणाशी बोलावे एवढेच असावे. १ मे रोजी निकाल देताना त्याची एक प्रत पालकांना आणि एक पुढच्या इयत्तेच्या शिक्षिकेला हातात द्यावी. शक्य असेल तर एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मुलाला पुढच्या वर्षीच्या वर्गात न्यावे, त्याचा बाक, पंख्याचे बटण, पाण्याचा नळ आणि स्वच्छतागृहाकडे जाणारा जिना दाखवावा, नव्या बाईंची ओळख करून द्यावी आणि त्या वर्गाचे एक छायाचित्र घरी नेण्यासाठी द्यावे. सुट्टीत पालकांनी ते अधूनमधून मुलाला दाखवत राहावे.